भागवतचं नाक

भागवत गेला हे मला दूध संस्थेतच कळलं. सकाळची रांग लागली होती, मी सचिव म्हणून मापाशी उभा होतो, आणि त्याचा थोरला भाऊ पायरीवर येऊन नुसता उभा राहिला. डोक्यावरची टोपी काढून हातात धरली. रांगेत पुढे असलेल्या कोंडाबाईंनी उघडलेलं झाकण हळूच कॅनवर परत ठेवलं, मग मागच्यांनीही ठेवलं... नांदूरघाटच्या रस्त्यावरच्या आमच्या गावात असा मान मिळालेला माणूस मी तरी पाहिला नाही. आणि तो मिळाला कुणाला, तर चाळिशीपर्यंत ज्याला आम्ही बिनकामाचा म्हणत होतो त्याला!

म्हणायला कारणही होतं. त्याचं नाक भलतंच तिखट. शाळेत मास्तर दाराशी यायच्या आत तपकिरीचा वास ओळखून हा ओरडायचा, "आले बे, बसा खाली!" एवढा उपयोग सोडला तर त्या नाकानं त्याचं वाटोळंच केलं. तो युसूफवडगाव या गावी किराणा दुकानात लागला, तर गिऱ्हाइकासमोरच म्हणाला, "मालक, शेंगदाणे खवट झालेत." दुपारी घरी! आचाऱ्याच्या हाताखाली गेला, तर भर पंगतीत वरण आंबलंय म्हणून बोंबलला. आंबलं होतं हे खरं, पण नवरीच्या बापाचं तोंड बघवत नव्हतं. मी चिडवायचो, "लेका, नाक घरी ठेवून जात जा." तो हसायचा. एकदा मात्र हसता हसताच म्हणाला, "देवानं मला एकच गोष्ट दिली, आन् ती बी भांडणं लावायला..." मी तेव्हाही टाळीच मागितली. आज त्याची लाज वाटते.

मग दुष्काळ पडला. कडबा संपला. नेकनूरकडच्या एका बागाईतदाराच्या विहिरीला थोडं पाणी होतं. त्यानं कांद्याची पात फुकट नेऊ दिली आणि गावानं ती गाड्या भरून आणली. चारच दिवसांत शीतकरण केंद्रावरून आमचं दूध परत आलं. वास येतो म्हणे. दुसऱ्या दिवशी पुन्हा परत. तिसऱ्यांदा आलं तर संस्थेचं दूध कायमचं बंद, असा निरोप मिळाला. त्या वर्षी शेतात काही उरलं नव्हतं, गावाची चूल दुधावरच होती. माझं डोकं फिरलं. कोंडाबाई एकटी बाई, एक गाय, दूध पातळ... मी सरळ तिच्यावरच घसरलो, "काय मिसळता हो दुधात?" तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

रांगेत मागे भागवत होता. "थांब बे," म्हणत तो पुढे आला. एकेक झाकण उघडून, दोन श्वास घेऊन, त्यानं पाच कॅन बाजूला काढले. त्यातला एक कोंडाबाईंचा, आणि एक माझ्या घरचा! रांगेत खसखस पिकली.

"मावशी, पात कवा टाकता?"

"धारेच्या आधी. त्याबिगर गाय उभीच ऱ्हात न्हाई."

"तिथंच चुकतंय. दुधाला पातीचा वास हाय. धार काढून झाल्यावर टाका."

ते पाच कॅन त्या दिवशी गावातच वाटले, बाकीचं दूध केंद्रावर पाठवलं. परत आलं नाही. घरी बायकोला विचारलं तर म्हणाली, "मी बी आधीच टाकते की! तुमी कधी इचारलं?" दुसऱ्या दिवशी भर रांगेत मी कोंडाबाईंची माफी मागितली आणि मापाशेजारी भागवतसाठी स्टूल टाकलं. बसताना तो लहान लेकरागत हसला. "आत्ता कळलं, देवानं हे कावून दिलंय." मग मरेपर्यंत त्या स्टुलावरून हलला नाही. थट्टाही सोडली नाही. माझा कॅन आला की मुद्दाम तीन श्वास घ्यायचा.

आता महिना होऊन गेला. स्टूल तिथंच आहे. उचलायचं कुणी बोललं नाही, मीही नाही. काल कोंडाबाई आल्या. सवयीनं स्टुलासमोर वाकल्या आणि झाकण उघडून धरलं.

मी म्हणालो, "अहो मावशी, तिथं कोन हाय आता?"

"असू द्या," त्या म्हणाल्या. "पात धारेनंतरच टाकलीय... कळू द्या त्याला."

मी दोन श्वास थांबलो, आणि मग दूध मापात ओतून घेतलं.