लीक आमच्याकडूनच

हे लिहून घेतेय माझी नात. आणि ज्या बाईची ही गोष्ट आहे ती हिची आई, म्हणजे माझी सून. त्यामुळे नात मधेमधे हसते आणि म्हणते, आजी, असं नाही, तसं झालं होतं. मी म्हटलं, तू गुपचूप लिही. मला जसं कळलं तसं मी सांगणार. आणि मला फारसं कळलेलं नाही हे आधीच सांगून ठेवते.

आमचं नळाच्या सामानाचं दुकान आहे. खाली दुकान, वर आम्ही राहतो. मुलगा लोकांच्या घरी जाऊन कामं करतो. माझे यजमान पूर्वी करायचे, आता गुडघे वाकत नाहीत म्हणून दुकानात स्टुलावर बसून गिऱ्हाइकांना शिकवतात. "टेप उलटी गुंडाळलीस तर पाणी येणारच, मग माझ्या नावाने बोंब मारू नकोस." असं. आणि गल्ल्यावर सून. वॉशर कुठल्या मापाचा, कॉक कुठल्या खोक्यात, सगळं तिच्या बोटांवर. फोन आला की नाव, पत्ता, काय बिघडलंय, पटापट विचारते आणि मुलाला पाठवते.

हे झालं तिचं वरवरचं. आता आतलं सांगते.

तिला खेळांचं वेड आहे. मैदानातले नव्हेत गं, टीव्हीला डबा जोडून खेळतात ते. लग्न होऊन आली तेव्हा सामानात तो डबा होता. मला वाटलं शेगडी आहे. मी तो ओट्यावर नेऊन ठेवला. ती धावत आली, "आई, आई, पाणी लागेल त्याला!" मी म्हटलं, अगं मग यावर शिजवतात तरी काय?

तर दुपारी दुकान बंद असतं तेव्हा ती खेळायची. पण मला हळूहळू दिसायला लागलं की ती खेळते थोडं आणि बोलते फार. फोनवर तिचा एक ग्रुप आहे. सगळे खेळणारे. कुणी कुणाला बघितलेलं नाही. नावंही खरी नाहीत. एकाचं नाव बोका, एकाचं खडूस, एकाचं अर्धा चहा. आणि आमच्या सूनबाईंचं नाव काय, तर उशी! मी विचारलं, "उशी का गं?" तर म्हणाली, "सुचलं तेव्हा डोक्याखाली होती."

आणि त्यांची भांडणं! अमुक खेळ चांगला की तमुक. अमुक दुकानात निम्म्या भावात मिळतोय, घ्या रे घ्या. त्याला ते डील म्हणतात. डील आली की ही गिऱ्हाइकाला तसंच ठेवून फोन बघणार. आणि घेऊन करते काय? खेळतच नाही. नुसते साठवते. मी विचारलं तर म्हणाली, "स्वस्तात होता, आई." माझ्या कपाटात सेलमधल्या चादरी आहेत अजून घडीसुद्धा न मोडलेल्या, मी कुठल्या तोंडाने बोलू?

त्यांची भाषाच मला झेपत नाही. एकदा ती तोंड पाडून म्हणाली, "तो गेम मेला." मी हातातलं काम टाकून विचारलं, "घरी कोण कोण आहे त्यांच्या?" एकदा म्हणाली की नव्या खेळात बग फार आहेत, किडे. मी आतून ढेकणाचं औषध आणून दिलं. तिने हसून हसून डोळे पुसले आणि ग्रुपमध्ये सगळ्यांना सांगितलं. तेव्हापासून तो खडूस कुठलाही खेळ बिघडला की विचारतो, आजींचं औषध मारलंत का?

तर या खेळांची वर्तमानपत्रं पण असतात म्हणे. कागदाची नाही, फोनमधली. खेळ कसा आहे ते त्यात लिहून येतं. ग्रुपमधले लोक ते वाचतात आणि लिहिणाऱ्याची सालटी काढतात. याने खेळ पूर्ण खेळलाच नाही, याला कंपनीने विकत घेतलंय, हा झोपेत लिहितो. आमची उशी त्यात सगळ्यात पुढे. एकदा तिने एका लेखातल्या इतक्या चुका काढल्या की त्या वर्तमानपत्राच्या संपादकीण बाईंनी, त्याही याच ग्रुपमधल्या, तिलाच विचारलं, मग तुम्हीच लिहिता का?

त्या दिवशी सून दुकानात गाणं म्हणत होती. तिचा आवाज चांगला नाही, पण कुणी काही बोललं नाही.

पहिला मोठा खेळ आला तो दीपगृहाचा. समुद्रात एक खडक, त्यावर दीपगृह, तिथे एक बाई एकटी. तिचा भाऊ नाव घेऊन गेलेला, परत आलेला नाही. ती रोज वर चढते, दिवा पुसते, तेल भरते, पेटवते. मी शेजारी बसून बघायची. मी म्हटलं, "हा कसला खेळ? हे तर काम झालं." ती म्हणाली, "तेच तर चांगलं आहे त्यात."

खेळ अजून बाजारात आला नव्हता. कंपनीने लिहिण्यासाठी आधी दिलेला. ग्रुपमधल्या तिघांनाच. आणि अट काय, तर ठरलेल्या दिवसापर्यंत कुणाला अवाक्षर सांगायचं नाही. शेवट तर नाहीच नाही. तिने नवऱ्यालासुद्धा सांगितला नाही. मी तोंड वाकडं करून म्हटलं, "मला सांग की, मी कुणाला सांगणार आहे?" तर म्हणाली, "आई, तुम्ही भाजीवालीला सांगाल." खरं आहे ते.

तिने लिहिलं. चार वेळा खोडलं, पाचव्यांदा पाठवलं. छापायचा दिवस दोन दिवसांवर. आणि सकाळी दुकानात गल्ल्यावर बसल्या बसल्या तिचा चेहरा पांढरा पडला.

कुणीतरी त्या खेळाच्या शेवटचं चित्र सगळीकडे पसरवलं होतं. आधीच. दीपगृह काळोखात, दिवा विझलेला, आणि खडकाला एक नाव लागलेली.

"लीक झालंय," ती म्हणाली.

स्टुलावरून हे म्हणाले, "कुठे? पत्ता घे."

"तसं नाही, बाबा."

"मग कसं? टाकीचं?"

ती फोन डोळ्यांजवळ धरून ते चित्र बघत बसली आणि पुटपुटली, "पण असं तर नाहीच खेळात." मला म्हणाली, कुणीतरी खोटं चित्र बनवलंय. आणि बँकेत जायचं होतं म्हणून गेली.

आता बघ काय झालं. संपादकीण बाईंना तिने स्वतःचा नंबर दिला होता, तसा दुकानाचाही दिला होता. तिचा फोन बँकेत लागेना. मग दुकानाचा वाजला. यांनी उचलला. कान आधीच अर्धे गेलेले, त्यात बाहेर कुणीतरी पाइप कापत होतं. मी तिथेच बसले होते, यांचं बोलणं सगळं ऐकलं. बाईंचं काय होतं ते नंतर कळलं.

बाईंनी विचारलं, "लीक तुमच्याकडूनच झालं का?"

हे छाती काढून म्हणाले, "हो हो, लीक आमच्याकडूनच!"

बाई दचकल्या असणार. म्हणाल्या, "तुम्ही हे कबूल करताय?"

"कबूल काय त्यात? या भागात लीक म्हटलं की आम्हीच. कुणालाही विचारा."

"म्हणजे आधीही केलंय?"

"बाई, आयुष्य गेलं त्यात! आता मी करत नाही, मुलगा आणि सून बघतात."

"पण कुणाला सांगायचं नाही असं ठरलं होतं ना?"

"सांगायला कशाला लागतं? लोकांना माहीतच असतं. तुम्ही पत्ता सांगा, तासाभरात माणूस पाठवतो."

बाईंनी फोन ठेवला. हे माझ्याकडे बघून म्हणाले, "विचित्र बाई. धमकी दिल्यासारखं केलं आणि फोन ठेवून दिला." मी म्हटलं, पाणी तुंबलं की माणसाचं डोकं फिरतं.

सून आली तोवर ग्रुपमधून तिला काढून टाकलेलं. आत शिरायला बघते तर दार बंद. बाईंचा निरोप आलेला, की तुमच्या घरच्यांनीच कबूल केलंय, तुमचं लिखाण छापणार नाही, पुढे कुठे छापून येईल असंही वाटत नाही. सून गल्ल्यावर मटकन बसली. एक गिऱ्हाईक अर्ध्या इंचाचा कॉक मागत होतं, तिने त्याला एक इंची दिला. असं तिच्या हातून कधी होत नाही.

"मी काय केलं?" एवढंच म्हणत होती. "माझ्या घरच्यांनी म्हणजे कुणी?"

मी विचारलं, "लीकचं म्हणतेस ते? एका बाईचा फोन आला होता खरा. यांनी घेतला."

तिने मान वळवून यांच्याकडे बघितलं. "बाबा, तुम्ही काय सांगितलंत तिला?"

हे म्हणाले, "जे खरं ते."

मग यांनी सगळं जसंच्या तसं सांगितलं. सुनेने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. रडते की हसते मला कळेना. दोन्ही करत होती. हे गोंधळले. "अगं, आपण लीकचंच काम करतो ना? का मी दुसरंच काही बोललो?"

तिने लगेच बाईंना फोन लावला, आम्हाला ऐकू यावं म्हणून आवाज मोठा केला. सासरे प्लंबर आहेत, दुकान नळाचं आहे, सगळं सांगितलं. बाई म्हणाल्या, "गोष्ट छान आहे. पण चित्र तिघांपैकी कुणीतरीच बाहेर काढलंय."

"अहो, पण ते चित्रच खोटं आहे!" सून कळवळून म्हणाली. "शेवटी दिवा पेटलेला असतो. नाव येतच नाही. ती वाट बघत राहते. मी शेवटपर्यंत खेळलेय."

बाई हळू आवाजात म्हणाल्या, "उशी, तू दुसरा शेवट बघितला नाहीस?"

"दुसरा?"

"शेवटच्या रात्री दिवा लावायचाच नाही. मग नाव येते. कंपनीनेच कळवलंय मला."

सुनेचं तोंड उघडं ते उघडंच. पलीकडे काहीतरी टकटक केल्याचा आवाज आला. बाईंनी तिचाच लेख उघडला होता आणि मोठ्याने वाचला, "या खेळाला एकच शेवट आहे आणि तो अटळ आहे." मग त्या हसायला लागल्या. "अगं, जे बघितलंच नाहीस ते तू बाहेर कसं काढशील!"

मी यांना कोपर मारलं. सुटली! पण सुनेचा चेहरा आधीपेक्षा वाईट झाला. मला काही समजेना. चोरीचा आळ गेला, मग आता काय?

बाई म्हणाल्या, "ग्रुपमध्ये मी सांगते, तू नाहीस म्हणून. का नाहीस, तेही सांगावं लागेल."

म्हणजे असं, की तिने खेळ पुरता खेळलाच नाही हे सगळ्यांना कळणार. जिने दुसऱ्यांना याच एका गोष्टीवरून सोलून काढलं, तिचंच हे निघावं! सुनेने खाली बघितलं. मग म्हणाली, "सांगा. आणि मला उद्या दुपारपर्यंत वेळ द्या. मी परत लिहिते."

ग्रुपमध्ये तिला परत घेतलं. बोका, अर्धा चहा सगळे तुटून पडले. उशी झोपली होती, उशी झोपली होती, दिवसभर तेच. खडूस एकटा म्हणाला, मी पण रोज दिवा लावतच बसलो असतो. चित्र कुणी बाहेर काढलं ते आजतागायत कळलेलं नाही. हे म्हणतात, शोधायला काय, वरून खाली बघत यायचं, जिथे ओल तिथे लीक.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलाने दुकान सांभाळलं आणि आम्ही वर बसलो. ती, मी आणि हे. खेळातली ती शेवटची रात्र आली. बाई जिना चढून वर गेली. दिवा समोर, काडी हातात. आणि सुनेने हातातला तो खेळायचा खटका खाली ठेवून दिला.

"अगं, लाव ना!" मी ओरडले.

"नाही लावायचा, आई."

"समुद्रात कुणी असेल, आपटेल!"

"थांबा ना जरा."

आम्ही तिघं त्या काळोखाकडे बघत बसलो. काही दिसेना. नुसता पाण्याचा आवाज. हे म्हणाले, टीव्ही गेला वाटतं. आणि मग वल्ह्याचा आवाज आला. नाव आली, खडकाला लागली. ती बाई खाली उतरत गेली, एकेक पायरी. नावेत कुणीतरी असल्यासारखं वाटलं, पण तोंड दिसलं नाही. ती नावेत बसली की नाव रिकामी होती की तो भाऊच होता, मला कळायच्या आत नावं यायला लागली. खेळ बनवणाऱ्यांची.

"आला का भाऊ?" मी विचारलं.

सून बघतच होती. "माहीत नाही, आई."

"म्हणजे? तू लिहिणार ना यावर?"

"हो."

"मग ती मेली की घरी गेली?"

"मला खरंच नाही कळलं."

हे म्हणाले, "इतके दिवस दिवा लावत होती म्हणून तर तो घाबरून येत नसेल. उजेडात तोंड दाखवायचं नसेल त्याला." सुनेने त्यांच्याकडे चमकून बघितलं, मग परत टीव्हीकडे. मग फोन घेतला आणि तिथेच जमिनीवर बसून लिहायला लागली. दुपारपर्यंत हलली नाही. मी ताट आणून शेजारी ठेवलं, ते तसंच राहिलं.

छापून आलं. नातीने मला सगळं वाचून दाखवलं. सुरुवातीलाच लिहिलंय की पहिल्या वेळी मला दुसरा शेवट सापडला नाही, आणि सापडल्यावर तो कळला नाही. मी म्हटलं, "अगं, हे कुणी लिहितं का? लोकांना कळलेलं वाचायचं असतं ना?"

ती गल्ल्यावर बसून वॉशर मोजत होती. म्हणाली, "मग काय लिहू, आई?"

मी तिच्या शेजारचं स्टूल ओढलं आणि म्हटलं, "परत एकदा दाखव बघू तो काळोख. मी या वेळी चष्मा लावून बघते."