ह्यांच्या अक्षरांच्या चादरी

हे गेले, त्यानंतरही ह्यांच्या चादरी येत राहिल्या.

आमच्या कारखान्यात चादर मागावरून उतरली की तिच्या कोपऱ्याला एक कापडी चिठ्ठी शिवतात. चिठ्ठीवर काळ्या बारीक-जाड रेघा असतात, त्याला बारकोड म्हणतात. रेघांखाली इंग्रजी अक्षरं आणि आकडे असतात. आधी विणकराची तीन अक्षरं, मग मागाचा नंबर, मग चादरीचा. मी पॅकिंगला आहे. चादर तपासायची, घडी घालायची आणि रेघांवर गनचा, म्हणजे रेघा वाचणाऱ्या हातातल्या यंत्राचा, लाल उजेड धरायचा. गन वाजते, समोरच्या कॉम्प्युटरवर ती अक्षरं उमटतात आणि बाजूच्या छोट्या मशीनमधून पिशवीवर लावायचं स्टिकर छापून बाहेर येतं. वाचायचं काम यंत्राचं आणि लिहायचंही यंत्राचंच. माझं काम घडीचं.

मी चौथीपर्यंत शिकले. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून असायचं, म्हणून ती अक्षरं मला येत नव्हती. ह्यांनी एकदा जेवणाच्या सुट्टीत एक चिठ्ठी माझ्या तळहातावर ठेवून दाखवलं होतं. "हे पहिलं माझं. मधलं आबांचं. आणि हे आडनावाचं, म्हंजे तुझंबी." त्या तीन अक्षरांपासून मी बाकीची शिकत गेले. हे आतल्या शेडमध्ये मागावर, मी बाहेर टेबलावर. दिवसभर एकमेकांना दिसायचो नाही. पण स्क्रीनवर ती तीन अक्षरं आली की मला कळायचं, परवा-तेरवाचं ह्यांचं काम आज माझ्या हातात आलं आहे.

माझ्या शेजारच्या टेबलावर अक्का असतात. त्या विणकरांच्याच घरातल्या. घरी तेलुगू बोलतात, पण जन्म सोलापुरातला. त्यांची नजर माझ्या स्क्रीनवर असायचीच.

"आला बघ तुझा मालक. घडीच घालतीस का? पानी तरी इचार की."

सगळ्या हसायच्या. मी मान खाली घालायची.

चिठ्ठी चुरगळली असेल तर गन वाचत नाही. मग अक्षरं मोठ्यानं सांगावी लागतात आणि काचेच्या केबिनमधले कॉम्प्युटरवाले दादा ती हातानं टाइप करतात. दुसऱ्या कोणाची चिठ्ठी असली तर मी सांगायची. ह्यांची असली की माझं तोंड उघडायचं नाही. आमच्याकडे नवऱ्याचं नाव घेत नाहीत आणि ती अक्षरं म्हणजे नावच की. मी ती चादर हळूच अक्कांकडे सरकवायची.

"आगं, तीनच अक्षरं हायत. उखाण्यात घाल, जमतंय," अक्का म्हणायच्या.

केबिनमधून दादा ओरडायचे, "वहिनी, नुसता नंबर सांगा. पुढचं माणूस कोन ते मला कळलं."

थंडीत ह्यांना ताप आला. साधा ताप म्हणून घरीच राहिले. छातीत कफ भरला, दवाखान्यात नेलं आणि आठवडा पुरा व्हायच्या आत गेले. मंगळवेढ्याकडं, सासरच्या गावी सगळं केलं. तेरावं झाल्यावर मी कामावर आले. घरी बसून भिंतीकडे किती बघणार?

पहिल्याच दिवशी मोठी ऑर्डर होती. गोदामातून चादरींचे ढीग आणून टेबलावर टाकले. मी एक ओढली, रेघांवर उजेड धरला, गन वाजली आणि स्क्रीनवर ह्यांची अक्षरं आली.

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. माणूस मागावरून उठून गेला तरी त्यानं विणलेलं कापड ऑर्डर येईपर्यंत गोदामात पडून असतं. मी चादरीच्या किनारीवरून हात फिरवला. ह्यांची किनार सरळ असायची. धागा तुटला की माग थांबवून सांधायचे, तसाच पुढं जाऊ द्यायचे नाहीत. त्यामुळं चादरी कमी भरायच्या आणि बोलणीही खायचे. मी घडी घातली, स्टिकर लावलं, पिशवी बाजूला ठेवली. त्या दिवशी कोणी हसलं नाही.

त्यानंतर एक गोष्ट होऊ लागली. ती कोणी ठरवली मला माहीत नाही. दुसऱ्या टेबलावर ह्यांच्या अक्षरांची चादर गेली की ती गनखाली न धरता माझ्याकडे सरकून यायची. टेबलावरून टेबलावर, हातोहात. सकाळी घरून निघताना मला आता निघावंसं वाटायचं.

मग ह्यांच्या मागावर नवा माणूस आला. अक्कलकोटच्या बाजूचा, मराठी बोलताना मध्येच कानडी बोलणारा, गरीब स्वभावाचा. त्याच्याबद्दल माझ्या मनात काही नव्हतं.

एका दुपारी माझ्याकडे चादर आली. स्क्रीनवर ह्यांची अक्षरं. मी सवयीनं किनारीवरून हात फिरवला आणि हात थांबला. किनार सैल होती, मध्ये आत ओढली गेली होती. मी चिठ्ठी परत वाचली. अक्षरं तीच. दुसरी चादर घेतली, तीही तशीच.

अक्कांनी पाहिलं. हळू आवाजात म्हणाल्या, "नव्या मानसाची हाय गं ती. त्या मागाचा कोड अजून बदलला न्हाय. मला कालच कळलं."

त्या संध्याकाळी मी घडी घालत होते आणि मला चिडचिड होत होती. कापड त्याचं आणि नाव ह्यांचं. उद्या दुकानदारानं खराब म्हणून चादर परत पाठवली तर यादीत कोणाचं नाव येणार? आणि त्याहून वाईट म्हणजे आता गन वाजली की मला आधी किनार बघावी लागणार होती. अक्षरांवर विश्वास राहिला नव्हता.

केबिनमध्ये मी कधी गेले नव्हते. दुसऱ्या दिवशी गेले. दारातच उभी राहिले.

"काय झालं वहिनी? चिठ्ठी वाचत न्हाय का?"

"एक कोड बदलायचा होता."

"कुठला?"

मी मागाचा नंबर सांगितला असता तरी चाललं असतं. पण तो आठवेचना. मी ती तीन अक्षरं सांगितली. एकेक करून, मोठ्यानं. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला.

दादांनी हात कीबोर्डवरून काढून मांडीवर ठेवले.

"ती अक्षरं दुसऱ्याच्या कापडाला लावू नका," मी म्हणाले.

म्हणाले, "साहेब पयल्या दिवशीच म्हनले हुते, कोड बदल. मीच ऱ्हाऊ दिला. म्हनलं, वहिनींच्या समोर स्क्रीनवर दिसत तरी ऱ्हातील."

त्यांनी त्या मागाची नोंद स्क्रीनवर उघडली.

"एकदा बंद केला की ह्या अक्षरांची नवी चिठ्ठी निघनार न्हाय. गोदामातल्या जुन्या चादरी तेवढ्या गन वाचील. नव्या मानसाच्या चादरींच्या चिठ्ठ्या बदलून घेतो. बदलू का?"

"बदला."

त्यांनी माझ्यासमोरच जुनी अक्षरं पुसून नवी टाकली. कॉम्प्युटरनं काहीतरी विचारलं, त्यांनी एक बटण दाबलं. "झालं," म्हणाले. इतकंच असतं ते.

मी बरोबर केलं असं मला तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं. ह्यांचं नाव सैल किनारीवर नको होतं. पण त्यानंतर सैल-सरळ बघायचं कारणच उरलं नाही. अक्षरं आली की चादर ह्यांचीच, आणि अशा चादरी कमी कमी होत गेल्या. दिवसात चार-पाच, मग एखादी. मग लग्नसराईची गर्दी सुरू झाली. ढीग इतके यायचे की नुसते हात चालायचे. गन वाजायची, स्टिकर निघायचं, मान वर करायला की चादर माझ्याकडे सरकवायला कोणालाच सवड नव्हती.

गर्दी ओसरल्यावर एकदा अक्कांना विचारलं, "ह्यांची बऱ्याच दिवसांत आली नाही ना?"

अक्कांनी गोदामातल्या माणसाला विचारून आणलं. ते उत्तर त्यांनी लगेच दिलं नाही. जेवण झाल्यावर, डबा धुताना म्हणाल्या, "त्या मागाचा जुना ढीग संपला म्हनं. लग्नाच्या ऑर्डरीत गेला."

म्हणजे शेवटची चादर कधी आली, तिच्यावर माझा हात फिरला की नाही, ती माझ्या टेबलावर होती की अक्कांच्या, काहीच मला सांगता येत नाही. मी तिची घडी घातली असेल, किंवा नसेलही. स्क्रीनवर अक्षरं आली असतील आणि मी बघितलं नसेल. ती आता कुठल्यातरी नव्या जोडप्याच्या पलंगावर असेल. चिठ्ठी त्यांनी घरी नेल्याबरोबर उसवून टाकली असेल.