बटईची असील

अजूनही मोह फुलले की पहाटे माझी झोप अर्धवट तुटते. खिडकीतून वास आत येतो, गोडसर, थोडा आंबट, आणि कुठेतरी असील कोंबडा घोगऱ्या आवाजात आरवतो. तो आजचा की पंधरा वर्षांपूर्वीचा, हे पहिली दोन मिनिटं मला खरंच कळत नाही. मग मी उठते आणि गोठ्याच्या कोपऱ्यातल्या, कोंबड्या झाकायच्या डालग्यावरचा धोंडा बघून येते.

माझं माहेर चंद्रपूरचं. कोंबडी म्हणजे दुकानातल्या जाळीत बसलेली पांढरी, सुस्त वस्तू, एवढीच माझी तिच्याशी ओळख. लग्न होऊन सिंदेवाहीजवळच्या या गावात आले आणि सासूच्या असील कोंबड्या पाहून दचकलेच. उंच पाय, ताठ मान आणि नजर अशी की मी पाहुणी आणि त्या घरच्या. अंडी कमी, भांडणं जास्त. पण त्यातली तांबडी एकदा अंड्यांवर बसली की बसली. तणसाच्या टोपल्यात एकवीस दिवस ती डोळे अर्धे मिटून, पंख पसरून बसायची, जणू मनानं कुठल्या दुसऱ्याच गावाला गेलेली. दुपारी भांडी घासून झाली की मी तिच्यासमोर टेकायची. बाहेर ऊन, आत धानाचा वास, आणि शेवटच्या दिवशी तर अंडं फुटायच्या आधीच तिच्या पोटाखालून चिवचिव. या घरात माझं मन रमलं ते माणसांमुळे नाही, खोटं काऊन बोलू, त्या टोपल्यामुळे.

आणि नेमकी तीच तांबडी सासूनं बटईनं दिली. बटई म्हणजे कोंबडी आपली, सांभाळणार दुसरा, आणि पिल्लं मोठी झाली की अर्धी त्याची, अर्धी आपली. घेणारी होती तलावाकाठच्या मोहल्ल्यात मासे विकणारी बाई. माझा नुसता तिळपापड झाला. द्यायचीच तर एखादी लंगडी द्यावी, सगळ्यात चांगली कशाला? सासू म्हणाली, चांगलीच देतात. तिचं बोलणं असंच, मीठ टाकल्यासारखं चिमूटभर.

तांबडीवाचून अंगण ओकंओकं वाटायला लागलं. म्हणून मी हट्टानं नागभीडच्या बाजारातून एक असील कोंबडा आणवला. काळा, तुकतुकीत, मानेवर सोन्यासारखी पिसं. आता घरचा नियम असा होता, की बाहेरून आलेलं कोणतंही पाखरू पंधरा दिवस गोठ्याच्या टोकाला, डालग्याखाली. वर धोंडा. तो धोंडा म्हणजे फुटक्या जात्याचा तुकडा, एका अंगानं सपाट, दुसऱ्या अंगानं फुगीर. सासूनं स्वतः ठेवला आणि मला बजावलं.

तीन दिवस मी ऐकलं. चौथ्या दिवशी सासू अंधारातच मोहफुलं वेचायला गेली आणि इकडे डालग्यातून त्याचं आरवणं सुरू झालं. इतकं देखणं जनावर कैदेत! मी धोंडा उतरवला. धुकं अजून जमिनीवरच होतं, त्यात तो एकेक पाय उचलत चालला, आणि बाकीच्या कोंबड्या त्याच्याभोवती गोळा झाल्या. काय सांगू, मला त्या सकाळी फार सुख झालं. सासू टोपली घेऊन यायच्या आत मी त्याला पुन्हा डाललं, वर धोंडा ठेवला. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच.

आठवड्यानं तो झुरायला लागला. मग घरच्या एकेकीची मान वाकडी व्हायला लागली, पाय लुळे पडले. मानमोडी. आठ दिवसांत अकराच्या अकरा गेल्या. सासूच्या सासूपासून चालत आलेला वंश तो, आमच्या अंगणातून साफ पुसला गेला. सासूनं प्रत्येकीला कुंपणापलीकडे चुना टाकून पुरलं, खुराडं जाळलं. शेजारपाजार विचारायला आला, कुठून आली म्हणून. ती म्हणाली, "हवेनं आली." मी बाजूलाच उभी होते. लाज वाटली, आणि सुटल्यासारखंही वाटलं, त्याची जास्त लाज वाटली.

पावसाळाभर सासू संध्याकाळी सवयीनं मूठभर कणी अंगणात टाकायची. चिमण्या यायच्या. मी घरातून बघत राहायची.

आता उरली होती ती बटईची तांबडी. तिचं काही झालं असेल तर संपलंच सगळं. आणि ती मासेवाली बाई फिरकायला तयार नाही. आमच्या गल्लीत मासे घेऊन यायचीसुद्धा थांबली. मी मनातल्या मनात तिला काय काय नावं ठेवली. कोंबडी गिळून बसली म्हणायचे. सासूला म्हटलं, जाऊन बघून येते. तिनं मला जाऊ दिलं नाही.

धान कापून झाल्यावर एका सकाळी ती आली. डोक्यावर मोठी टोपली, वर जाळं बांधलेलं. आत तांबडी आणि चार उफाड्याच्या तलंगा, अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्या, तांबड्याच, तशाच माजोऱ्या नजरेच्या. आठ जगल्या, चार तुमच्या, म्हणाली. मी जरा टोचूनच विचारलं, इतके दिवस कुठे होती.

"तुमच्या आंगनात मानमोडी होती ना बाई," ती म्हणाली. "माह्या पायानं माह्या घरी गेली असती तं? मंग तुमचं काय उरलं असतं?"

मला जमीन दुभंगावी असं झालं. सासूनं चारही तलंगा उतरवून घेतल्या आणि तांबडी टोपलीत तशीच ठेवली. पुन्हा बटईनं घेऊन जा, म्हणाली. एक तरी कोंबडी नेहमी दुसऱ्याच्या घरी पाहिजे. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला, चांगली का देतात ते.

बाई गेल्यावर सासूनं तलंगा गोठ्याच्या टोकाला नेऊन डालल्या. जात्याचा तुकडा उचलला, पण ठेवला नाही. माझ्या हातात दिला.

"सपाट बाजू खाली असते, पोरी," ती म्हणाली. "तू उलटा ठेवत होती."

इतके महिने तिला माहीत होतं. हवेनं आली म्हणाली तेव्हाही. मला रडू आवरेना, आणि ती तर कणी आणायला घरात निघूनही गेली होती. मी धोंडा ठेवला, सपाट बाजू खाली करून, आणि पंधरा दिवस त्याला हात लावला नाही.