न कापलेले चाळीस सेकंद

किशोर गेल्याचं मला कळलं तेव्हा मी नव्या रायपूरच्या एका रुंद, रिकाम्या रस्त्यावर उभा होतो. कुठल्याशा सरकारी योजनेची जाहिरात चित्रित करायची होती आणि ऊन तापायच्या आत काम उरकायचं होतं. फोनवर सुनीतावहिनी होत्या. "भाऊजी, हे उठूनच नाई राहिले..." एवढंच बोलल्या. मागून त्यांची मुलगी "मम्मी, फोन मुझे दो" म्हणत होती, आणि मग फोन कुणाच्याच हातात नसल्यासारखा नुसता घरातला आवाज येत राहिला. मी चौबे कॉलोनीत, किशोरच्या घरी पोचलो तोवर डॉक्टर येऊन गेले होते. झोपेतच हृदय थांबलं होतं. किशोर कुशीवर होता, उजवा हात चादरीबाहेर. त्या हाताची दोन बोटं गेली वीस-बावीस वर्षं सरळ होत नव्हती. जमलेले लोक हळहळत होते, शांत माणूस होता म्हणत होते. ती बोटं कशी मोडली हे त्यांतल्या काहींनी आपापल्या खिडकीतून पाहिलं होतं. मी पाहिलं नव्हतं, पण त्यात माझा वाटा होता. महिना होऊन गेला. आता ते लिहायला हवं.

आम्ही दोघं एका शाळेतले. त्याचे वडील रेल्वेत गार्ड, वर्ध्याकडून बदली होऊन आलेले. आमचं घराणं नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून इथलं, त्यामुळे आमची मराठी अर्धी हिंदीत विरघळलेली. त्याची शाबूत होती. छत्तीसगड वेगळं झालं आणि आमचं धुळकट गाव एकाएकी राजधानी झालं. लाल दिव्याच्या गाड्या आल्या, जुन्या इमारतींवर नव्या खात्यांच्या पाट्या लागल्या, आणि छत्तीसगढी सिनेमे निघू लागले. ज्याच्याकडे कॅमेरा तो दिग्दर्शक, असे ते दिवस. माझ्याकडे कॅमेरा होता. किशोरच्या गच्चीवरच्या खोलीत लग्नाच्या कॅसेटी जोडायचा कॉम्प्युटर होता, म्हणून तो संकलक. पण मी नावाचाच दिग्दर्शक होतो. तो मात्र खरोखर संकलक होता. सिनेमाच्या सुरुवातीचं त्याला वेड होतं, त्यातही थरारपटांच्या. मॅटिनीला पाच मिनिटं उशीर झाला तर हातात तिकीट असूनही घरी परत यायचा. "सुरुवात नाई पाह्यली तं मंग काय पाह्यलं?" असं त्याचं म्हणणं. एकदा आम्ही असाच एक सिनेमा पाहिला, नाव आता आठवत नाही. पडद्यावर नावं येत असताना एक बाई घराला कुलपं लावते. एक, दोन, तीन. खाली उतरते, परत वर येते, तिन्ही ओढून बघते, मग कामाला जाते. दुसरं काही घडतच नाही. संध्याकाळी ती जिना चढून येते तेव्हा दाराला दोनच कुलपं असतात... हॉलमध्ये खुर्ची करकरली नाही. बाहेर आल्यावर किशोर मला म्हणाला, "पाह्य, चाकू नाई, रगत नाई. आधी तुले त्या बाईच्या सवयीची सवय लावली, अन् मंग ते मोडली. भेव तिथं आहे."

आमचा स्वतःचा सिनेमा लिहिला तेव्हा हे सगळं मी विसरलो होतो. शहराबाहेरच्या उरला औद्योगिक वसाहतीतल्या एका रोलिंग मिलमध्ये ठेकेदाराचा खून होतो, अशी गोष्ट. माझ्या सुरुवातीत किंकाळी होती, कोयता होता आणि शीर्षकाच्या अक्षरांतून रक्त गळत होतं. किशोरनं कागद वाचून माझ्याकडे परत सरकवला. "पहिल्याच मिनिटाले एवढं सांडलं तं पुढं काय सांडशीन बे?" मग त्यानं त्याची सुरुवात सांगितली. सकाळची पाळी, सायकली, डबे, धूळ. आत मिलमध्ये तापलेली सळई एका रोलच्या, म्हणजे लोखंड लाटणाऱ्या जड रुळांच्या, तोंडातून बाहेर येते, एक माणूस तिचं टोक सांडशीत पकडतो, अर्धा वळतो आणि पुढच्या रोलच्या तोंडात देतो. परत सळई, परत तेच. चार वेळा. पाचव्या वेळी सळई येते आणि पकडायला माणूस नाही, सांडशी जमिनीवर पडलेली. तिथे शीर्षक. मला अशी सुरुवात कधी सुचली नसती.

मिल मिळाली, कारण मालकाचा थोडा पैसा सिनेमात होता. तिथला सगळ्यात सफाईदार हात बिसाहूचा. जवळच्याच बीरगांवचा, तिशीतला, हसरा. शूटिंगच्या सकाळी त्यानं केस विंचरून वर डोक्याला गमछा बांधला होता. "भैया, मोर चेहरा आही न?" त्यानं विचारलं. माझा चेहरा दिसेल ना? "हव, आही," किशोर म्हणाला. किशोर कानांवर हेडफोन चढवून आवाज घेत होता, कॅमेरा माझ्या खांद्यावर होता. पहिल्या चार सळया सुंदर आल्या. बिसाहू नाचल्यासारखा वळत होता. पुढच्या सळईचं टोक रोलच्या तोंडात गेलं नाही, कडेला आपटून उलटं फिरलं. मागून सळई त्याच वेगानं येतच होती. तिला जायला जागा नव्हती. ती वर उसळली, हवेत तिचा वेढा झाला आणि तो वेढा बिसाहूच्या डाव्या मांडीवर पडून आवळला. आधी चरचर ऐकू आली, मग वास आला, आणि किंकाळी त्यानंतर. कुणीतरी बंद करायच्या बटणाकडे धावला. तिथे नुसत्या वायरी लोंबत होत्या. सुपरवायझर ओरडला, "रोल बंद मत करना! भट्टी में माल जम जाएगा!" आणि रोल फिरत राहिले, मागून आणखी एक सळई आली. किशोरनं हेडफोन फेकले, पाण्यात बुडवलेलं पोतं उचललं आणि ते हातांना गुंडाळून त्या लोखंडाला भिडला. दोघे-तिघे सांडशा घेऊन आले तेव्हा कुठे वेढा सुटला. मांडीचं मांस लोखंडाबरोबर निघालं. हे सगळं चाळीस सेकंदांत झालं, आणि ते चाळीस सेकंद मी कॅमेरा खाली ठेवला नाही. भीतीनं गोठलो होतो, असं मी पुढे बऱ्याच जणांना सांगितलं. ते खरं नाही. मी फोकस सावरत होतो.

बिसाहूचा पाय गुडघ्याच्या वरून कापावा लागला. मालकानं सांगितलं, तो दारू पिऊन आला होता आणि त्याचं लक्ष कॅमेऱ्याकडे होतं. आम्हांलाही ते ऐकू आलं. किशोरच्या हातांच्या पट्ट्या निघाल्या त्या आठवड्यात मी त्याच्या गच्चीवरच्या खोलीत गेलो आणि जे बोललो ते आज लिहितानाही पेन अडतं. "किशोर, याच्याहून मोठं ओपनिंग आपल्याले जन्मात नाई भेटनार." मला वाटलं, आता मारतो की काय. पण तो म्हणाला, "परवा ये."

मी गेलो. त्यानं ते दृश्य कापून, जोडून तयार ठेवलं होतं. दीड मिनिटाचं. सायकली, भट्टी, सांडशी, चार वळणं, ढोलाचा घुमत जाणारा ठेका, मग उसळलेली सळई, पाय, धूर, कुणाचा तरी उघडा जबडा, आणि काळोखात शीर्षकाची जागा. माझ्या अंगावर काटा आला. खोटं कशाला बोलू, फार चांगलं झालं होतं. "बस, हेच!" मी म्हणालो.

"हव," तो म्हणाला. "आता याच्यात बिसाहू कुठं हाय, ते मले दाखव."

त्यानं परत लावलं. हात होते, मांडी होती, पाठ होती. चेहरा नव्हता. सुपरवायझरचं ओरडणं ढोलाखाली गेलं होतं. लोंबत्या वायरी अर्ध्या सेकंदाच्या आत निघून जात होत्या. मग त्यानं मूळ कॅसेट लावली, एकही काप नसलेली. तीत बिसाहूचे डोळे शेवटपर्यंत सळईवर होते, कॅमेऱ्याकडे एकदाही वळले नव्हते. तीत "बंद मत करना" स्वच्छ ऐकू येत होतं. ती बघताना काटा आला नाही. उलटी आली. मी गच्चीवर जाऊन मोरीपाशी ओकलो, आणि परत आलो तेव्हा किशोर कॅसेट डबीत घालत होता. "हे कापलं तं पाहून लोकायले मजा येईन," तो म्हणाला. "अन् मी कापलं तं चांगलंच कापतो, हेच वांधं हाय माह्यं." बिसाहूच्या घरच्यांनी भरपाईसाठी वकील धरला होता; ती कॅसेट किशोर त्याच्याकडे देणार होता.

मालकानं मला बोलावून चहा पाजला. कॅसेट द्या, सिनेमा पूर्ण करू, पुढचाही करू, असं गोड बोलला. मी किशोरकडे मध्यस्थी करायला गेलो, हेही लिहून ठेवतो. "तू देऊन टाक, बिसाहूचं काही तरी पाहतीलच ते," असं मी म्हणालो. किशोरनं विचारलं, "कॅसेट माह्यापाशी हाय, हे तू सांगितलं काय त्याले?" मी सांगितलं होतं. बोलता बोलता, सहज. चार दिवसांनी, सकाळी अकरा वाजता, चौबे कॉलोनीत त्याच्याच फाटकासमोर दोन माणसं मोटरसायकलवरून उतरली. त्यांनी किशोरला सळईनं मारलं. खाली पडल्यावर एकानं त्याचं मनगट बुटाखाली दाबून धरलं आणि दुसऱ्यानं बोटांवर घाव घातले, मोजून मारल्यासारखे. दहीवडे विकणारा गाडा टाकून पळाला. खिडक्या लागल्या. सुनीतावहिनी खलबत्त्यातला बत्ता घेऊन धावत बाहेर आल्या आणि तो त्यांनी एकाच्या पाठीत हाणला, म्हणून ते थांबले. मग ते वर गेले, कॉम्प्युटर फोडला, होत्या तेवढ्या कॅसेटी पोत्यात भरून नेल्या. त्यांत बहुतेक लोकांच्या लग्नांच्या होत्या. मूळ कॅसेट आदल्याच दिवशी वकिलाकडे पोचली होती.

ती पुढे कामगार न्यायालयात लागली, एका लहानशा खोलीत, भाड्यानं आणलेल्या टीव्हीवर. आमच्या सिनेमाची एवढीच काय ती सुरुवात कुणी पाहिली. बिसाहू कुबड्यांवर बाहेर व्हरांड्यात थांबला होता, त्याला आत यायचं नव्हतं. साक्षीला मी उभा राहिलो. मालकाच्या वकिलानं विचारलं, "आदमी जल रहा था और आप चालीस सेकंड शूट करते रहे?" मी "हाँ" म्हणालो. निकाल बिसाहूच्या बाजूनं लागला, भरपाई मिळाली. बाहेर आल्यावर मी किशोरला म्हणालो, "मी कॅमेरा ठेवला असता तर पुरावा कुठून आला असता, सांग." मला त्याच्याकडून फक्त एक 'हो' हवं होतं. वाकड्या बोटांचा हात त्यानं दुसऱ्या हातात सावरून धरला होता. "खरं हाय," तो म्हणाला. "पन तू पुराव्यासाठी नव्हता धरला."

सिनेमा झाला नाही. आमची मैत्री तुटली नाही, पण पातळ झाली. तो डाव्या हातानं संकलन शिकला. त्यानं इतरांचे बरेच सिनेमे कापले, आणि कुणी सुरुवातीलाच खून घेऊन आलं की त्याच्याशी वाद घालत राहिला. मी जाहिरातींकडे वळलो. तो दर रविवारी बीरगांवला जातो हे मला माहीत होतं. चल म्हणून त्यानं मला कधी म्हटलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

तेराव्यानंतर सुनीतावहिनी म्हणाल्या, "भाऊजी, त्या बिसाहूले कोनी सांगितलं काय?" कुणीच सांगितलं नव्हतं. मग मी गेलो. विचारत विचारत गल्ली सापडली, पत्र्याचं दार सापडलं. कुणीही वाजवेल तसं मी ते तळहातानं वाजवलं. आत काहीतरी कोसळलं आणि गळ्यातून फुटलेला एक आवाज आला, माणसाचा की जनावराचा ते कळू नये असा. त्याच्या बायकोनं दार उघडलं. मागे बिसाहू खाटेची कड दोन्ही हातांनी धरून बसला होता. कुबडी पडलेली, पाण्याचा हंडा आडवा, धोतर भिजलेलं, आणि सगळं अंग थरथरत होतं. केस पांढरे झाले होते. ती बाई रागावली नाही. हंडा उचलत हळूच म्हणाली, "टीन ला झन ठोंकव भैया. किशोर भैया ह गली के मोड़ ले हाँक पारत आवय." पत्रा ठोकू नका, किशोरभैया गल्लीच्या वळणापासून हाक मारत यायचे. वळणावर एक, हातपंपापाशी दुसरी, दाराशी तिसरी. कुठलाच आवाज अचानक येऊ नये म्हणून. इतकी वर्षं, दर रविवारी.

थरथर थांबायला वेळ लागला. मग मी कोण ते सांगितलं, आणि किशोर गेल्याचंही. बिसाहूनं पडलेली कुबडी उचलून खाटेला टेकवली. "दरद होइस का?" त्यानं विचारलं. नाही, झोपेत गेला, मी म्हणालो. "बने होइस," तो म्हणाला. बरं झालं. कॅमेरा माझ्याच खांद्यावर होता हे त्याला आठवत होतं की नाही, कोण जाणे. निघताना बायकोनं विचारलं, "अइतवार के आहू?" रविवारी याल?

रविवारी मी वळणावर जाऊन उभा राहिलो. मला मोठ्यानं हाक मारायची सवय नाही. ओट्यावर तांदूळ निवडणाऱ्या दोन बाया माझ्याकडे बघत होत्या. "बिसाहू... मैं आवत हंव," मी म्हणालो, पण ते माझं मलाच जेमतेम ऐकू आलं. घसा खाकरून परत म्हणालो. या वेळी आतून उत्तर आलं, "आव भैया." मी चालू लागलो, आणि हातपंपापाशी थांबून पुन्हा हाक मारली.