एकोणीस नावांची सवलत

पहिला शेरा मी चहा गार व्हायच्या आत लिहून टाकला: 'सवलतीची यादी का काढली? परत घाला.'

कोड माझ्या सहकाऱ्याचा होता. मुरूडकडचा माणूस, बारा वर्षं कुवेतमध्ये इलेक्ट्रॉनिक्सची कामं करून परतलेला आणि आमच्याकडे रुजू होऊन जेमतेम दीड महिना झालेला. आमची कंपनी छोटी आहे. मासळीच्या शीतपेट्यांचे कंट्रोलर बनवते. बोर्डांची जुळणी माणगावच्या कारखान्यात होते आणि सॉफ्टवेअर आम्ही दोघं घरूनच लिहितो, तो मुरूडला, मी नागावला.

प्रत्येक बोर्डाची एक वर्णनाची फाईल असते. बोर्डावर कोणकोणते भाग आहेत आणि कोणता भाग कशावर अवलंबून आहे, ते तीत लिहिलेलं असतं. सेन्सरच्या ओळीत त्याच्या तारेचं नाव असतं, पेटी तापली की ओरडणाऱ्या बझरच्या ओळीत त्याला वीज देणाऱ्या पुरवठ्याचं. ज्याचं नाव घेतलंय तो भाग फाईलमध्ये खरोखर आहे का, हे तपासणारा प्रोग्राम मी फार पूर्वी लिहिला होता. तो रडतखडत चालायचा, म्हणून सहकाऱ्याने नवा लिहिला. तो नजरेखालून घालून मंजूर करायचं काम माझं.

मुदत बुधवार सकाळ ते शुक्रवार दुपार. शुक्रवारी दुपारी नव्या बोर्डांमध्ये फाईल भरून वरून रेझिन ओतणार होते. आमच्याकडच्या खाऱ्या हवेत उघडा बोर्ड वर्षभरही टिकत नाही, म्हणून तो रेझिनमध्ये पुरा बुडवतात. ते सुकलं की आत काही बदलता येत नाही. चूक राहिली तर ती पेटीच्या आयुष्यभर राहते.

माझ्या जुन्या प्रोग्रामला सवलतीची एक यादी होती. ही एकोणीस नावं सापडली नाहीत तरी ओरडू नकोस, असं प्रोग्रामला सांगणारी. सहकाऱ्याने ती सबंध यादी उडवली होती आणि त्याच्या प्रोग्रामने नव्या बोर्डाच्या फाईलवर चार तक्रारी काढल्या होत्या. चारही नावं माझ्या सवलतीतली. म्हणजे चारही तक्रारी खोट्या, असा माझा सरळ हिशेब.

शेरा वाचून त्याने फोनच केला.

"ताई, एकोणिसांतल्या एकापुढंही कारण लिहिलेलं नाही."

"कारणं मला माहीत आहेत."

"मग झालंच की. सात नंबर?"

"जुन्या पंपाचा रिले."

"तो पंप कुठल्या बोर्डावर आहे आता?"

"आता नाही कुठल्याच."

"मग मेलेल्या माणसाला सवलत कशाला? बरं, अकरा नंबर?"

मी यादीतली अकरावी ओळ दोनदा वाचली.

"ताई, रेंज गेली की काय?"

"वहीत बघून सांगते."

"वही?"

"कामाच्या वह्या. पहिल्या दिवसापासूनच्या सगळ्या आहेत."

"माशाल्ला! आमच्या मोहल्ल्याच्या जमातीकडंही एवढं दफ्तर नसेल," तो म्हणाला. मला ते कौतुक वाटलं. अजूनही वाटतं.

दुपारी मी कपाटावरून वह्यांचं खोकं उतरवलं आणि पडवीत बसले. घराशेजारच्या दोन खोल्या आम्ही पर्यटकांना देतो, ते काम नवरा पाहतो. तो पाहुण्यांसाठी शहाळी घेऊन निघाला होता, मला बघून थांबला.

"काय हरवलं?"

"एक कारण."

"कुठल्या यादीत नाही सापडत? आमच्या सासूबाईंना फोन लावू का? तुझ्या जन्मापासूनची नोंद त्यांच्याकडे असेल."

"अहो, शहाळी द्या आधी. पाहुणे ताटकळलेत."

संध्याकाळपर्यंत अठरा कारणं सापडली. पंधरा नावांचे भाग कधीच बाद झाले होते. तीन नावं खरी होती: ते भाग मुख्य बोर्डाला जोडायच्या छोट्या जोडबोर्डावर असतात आणि त्याची फाईल वेगळी असते, म्हणून ती सवलत रास्तच. राहिला अकरा नंबर. बझरचा वीजपुरवठा.

तोही सापडला, दोन वर्षांपूर्वीच्या वहीत. 'पुरवठ्याचा भाग अजून आला नाही, फाईलमध्ये घालता येत नाही. बझरला दोन दिवस सवलत. सोमवारी काढणे.' पुढे बरोबरची खूण.

इथे माझी पद्धत सांगायला हवी. पान भरेपर्यंत जे काम झालं नाही, त्यापुढे मी बाण काढते, ते पुढच्या पानावर उतरवते आणि जुन्या पानावर खूण करून टाकते. भरलेल्या पानावर उघडी ओळ मला बघवत नाही. या ओळीपुढेही बाण होता. मी पान उलटलं. गॅस सिलिंडर, नारळ पाडणाऱ्याला फोन, दाताच्या डॉक्टरांची वेळ. बझर नव्हता. आणखी चार पानं पाहिली. नव्हताच. बाण होता, आणि तो जिथे नेत होता तिथे काही नव्हतं.

मी उठून लॅपटॉप उघडला. जुन्या बोर्डांना काही धोका नव्हता, पुरवठ्याचा भाग आठवड्याभरात आला होता आणि त्यांच्या फाईलमध्ये रीतसर होता. पण नव्या बोर्डावर पुरवठा बदलला होता, त्याचं नावही बदललं होतं, आणि बझर अजून जुन्याचंच नाव घेत होता. माझ्या सवलतीने ते झाकलं होतं. कारखान्यात चाचणीच्या वेळी बझर मुद्दाम काढून ठेवतात, कान किटतात म्हणून. तिथेही कळलं नसतं. पुढे कधीतरी पेटीचा कॉम्प्रेसर बंद पडला असता, बर्फ वितळला असता, पापलेटं खराब झाली असती, आणि पेटी ढिम्म. अशा वेळी ओरडायचं, एवढंच तर तिचं काम.

मी फोन लावला. "तुमच्या चारातली एक तक्रार खरी आहे. चूक माझी."

मग वहीतली ती ओळ वाचून दाखवली. मला वाटलं तो समजूत घालेल. तो म्हणाला, "सोमवारी काढणे म्हणजे कुठला सोमवार, ते नव्हतं का लिहिलं?" आणि इतका हसला की मलाही हसू फुटलं.

गुरुवारी मी माझा शेरा मागे घेतला आणि दुसरा लिहिला: तीन सवलती ठेवा, प्रत्येकीपुढे कारण लिहा, कारण नसलेली सवलत प्रोग्रामने घेऊच नये. त्याने तासाभरात तसं केलं आणि मी मंजुरी दिली. मग बझरची ओळ मी दुरुस्त केली. ती तपासणार तो. दहा मिनिटांत परत आली, एका शब्दाच्या शेऱ्यासह: 'कारण?'

मी लिहिलं: 'तात्पुरती सवलत दिली होती, काढायची विसरले.' पाठवायला जरा वेळ घेतला. त्याने लगेच मंजूर केलं.

शुक्रवारी सकाळी मी कारखान्याला निरोप दिला: रेझिन ओतण्याआधी एका बोर्डाला बझर जोडा, सेन्सर गरम पाण्याच्या भांड्यात बुडवा, काय होतं ते कळवा. साडेअकराला तिथल्या सुपरवायझरचा फोन आला. मागे असा कर्कश आवाज चालला होता की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. नवऱ्याने पाहुण्यांच्या खोलीतून मान बाहेर काढली.

"मॅडम," सुपरवायझर ओरडून विचारत होता, "वाजतोय! पण हा बंद कसा करायचा?"

"सेन्सर बर्फात घाला," मी सांगितलं, "आणि मग ओता रेझिन."