न दुखणाऱ्या हाताचा चुडा

माझा डावा हात पहिल्यापासून लाडावलेला. मुंगी चावली तरी घर डोक्यावर घेई. उजवा कामाचा, नव्वदच्या दशकात वालीवच्या कारखान्यात दिवसभर स्क्रू आवळायचा. लग्नाआधीच्या दिवाळीत त्याच हाताने तापलेल्या कढईचा कान धरला. करपल्याचा वास आला, तेव्हा कळलं, करपतेय ती मीच!

आमच्या जूचंद्र गावात बधिर कातडीचा अर्थ एकच लावत, महारोग, आणि त्या रोगाचं नावही घेत नसत. ठरलेलं लग्न त्याच दिवशी मोडलं असतं. मी गप्प राहिले. दवाखान्यात कोणी पाहील म्हणून तिकडेही फिरकले नाही.

चुडा भरायचा दिवस उजाडला. कासारीण साबणाच्या पाण्यात हात भिजवते, आवळते आणि नवरीच्या तोंडाकडे बघत बांगडी सारते. नवरी कळवळली की थांबते. होणाऱ्या सासूबाई समोरच बसलेल्या.

डाव्या हाताने खरोखरचा आकांत केला. उजव्याची पाळी आली. शाळेच्या नाटकात मरायचं काम कायम माझ्याकडे असे, तेव्हा काळजी कसली?

"आई गं! मेले!"

"मरतेस कशाला गो?" कासारीण म्हणाली. "मी अजून हात लावला नाय!"

बाया खदखदून हसल्या. मीही हसले. फेसात माझा हात दिसत नव्हता. आता तिचा खांदा पुढे झाला की मगच ओरडायचं, असं ठरवून खांद्यावर नजर लावून बसले. खांदा हललाच नाही. कट्‌ आवाज झाला, बांगडी फुटली, अंगठ्यावरून लाल धार पाण्यात उतरली. मी अजून हसतच होते.

सासूबाई उठून आल्या. जखमेवर रुमाल बांधला आणि माझा हात आपल्या पदराखाली घेतला.

"कुठलं बोट धरलंय, सांग."

"मधलं," मी ठोकून दिलं.

त्यांनी पदर जरासा उचलला. अंगठ्याशेजारच्या बोटात त्यांचं नख रुतलेलं होतं.

त्यांनी पदर पुन्हा ओढला. "बांगड्या लहान पडल्या," त्या बायांना म्हणाल्या. "उरलेल्या परवा भरू." मग माझ्या कानाशी, "उद्या डॉक्टरकडे जाऊ. तो काय बोलतो ते ऐकू, मग लग्नाचं बघू."

त्या गेल्या. मी पाटावरच बसून राहिले. डावा हात हिरवागार, उजवा मोकळा. डाव्याच्या नखांनी उजव्याचं एकेक बोट टोचत होते. दुख ना रे मेल्या! एकदाच दुख. आता नाटक नाही करणार.