ड्रायव्हरच्या सीटवरचा खळगा

आधीच सांगून टाकतो, मला काहीही दिसलेलं नाही. ना सावली, ना आवाज, ना कुणी मागून हाक मारली. असल्या गोष्टींना मी तोंडावर हसणारा माणूस. आमच्या गल्लीत कुणी म्हणालं की अमक्या बंद लूममध्ये, म्हणजे मागाच्या कारखान्यात, अजून खटखट ऐकू येते, तर मी विचारायचो, “लाईट बिल कोण भरतं रे त्याचं?” बायको म्हणते माझी जीभ एक दिवस मला नडणार. तर मंडळी, जे लिहितोय ते भरदिवसा, माझ्या डोळ्यांसमोर घडलंय, आणि त्याचा अर्थ मला अजून लागलेला नाही.

मी राहतो भिवंडीत, निजामपुऱ्यात. धंदा गाड्यांच्या सीटांचा. पूर्णा गावाकडे जाताना गोदामांच्या रांगा सुरू होतात ना, तिथेच एका गॅरेजला लागून माझं दुकान आहे. सोबत रफिकभाई. कारागीर म्हणा, पार्टनर म्हणा, भांडायला हक्काचा माणूस म्हणा... सगळं तोच. शिलाई त्याची, लेदरचं काम माझं.

गेल्या पावसाळ्यात पाणी भरलं तेव्हा आमच्याकडे बुडालेल्या गाड्यांची रीघ लागली. त्यात एक पांढरी सेडान होती. घेऊन आली सुवर्णा, तिथल्याच एका गोदामाच्या ऑफिसात कामाला असलेली मुलगी. इंजिन शेजारचा मेकॅनिक बघणार होता, सीटा माझ्याकडे. अस्सल लेदर! तिच्या वडिलांनी हौसेने बसवून घेतलेलं. आता त्यावर चिखल, पांढरी बुरशी आणि असा वास की रफिकभाईने तोंडाला रुमाल बांधला.

“काका, जशा होत्या तशाच करून द्या,” सुवर्णा म्हणाली.

“नव्यासारख्या करून देतो की!”

“नव्या नकोत हो. होत्या तशा.”

मग तिने सांगितलं. वडील, सगळे त्यांना अण्णा म्हणत, दोन वर्षांपूर्वी हार्ट अटॅकने गेले. तेव्हापासून तिची आई रोज दुपारी अंगणातल्या उभ्या गाडीत जाऊन बसायची. डावीकडे, आपल्या नेहमीच्या जागेवर. आणि बोलत राहायची. ड्रायव्हरच्या सीटवर कुणाला बसू द्यायची नाही, सुवर्णालासुद्धा नाही. पोरीने लायसन काढलं, पण गाडीला हात लावायची सोय नव्हती. अण्णांच्या बसण्याने त्या सीटला खळगा पडला होता, आई त्यावरून हात फिरवायची. पाण्यात गाडी गेली आणि आईने खोली धरली. बाहेर येत नाही, दोन घासांवर ताट सारते.

“डॉक्टर म्हणतात मनातून खचलीये. गाडी परत बघितली तर उठेल असं मला वाटतं,” एवढं बोलून ती रस्त्याकडे बघत बसली.

मी काय सांगणार? लेदर वाचवता येतं, पण आतला फोम एकदा घाण पाणी प्यायला की फेकायचाच. आणि खळगा असतो फोममध्ये. तो फोम गेला की अण्णा गेले, सरळ हिशोब आहे. मी तिला तसं स्पष्ट सांगितलं. ती म्हणाली, “जमेल तेवढं करा.”

काम नीट केलं. कव्हरं उतरवली, ओल्या फडक्याने चिखल काढला, बुरशी पुसली. भिजलेलं लेदर उन्हात टाकलं की पापड होतो, म्हणून सावलीत पंख्याखाली ठेवलं आणि आकसू नये म्हणून आत लूमवरचं सुताचं वेस्ट, उरलेल्या धाग्यांचा गुंता, ठासून भरलं. भिवंडीत त्याला काय तोटा! वाळल्यावर तेल चोळलं, रंग मिळवला. लोखंडी सांगाडे घासून रंगवले, नवा फोम कापला, कव्हरं चढवली. हात फिरवला तर ड्रायव्हरची सीट टेबलासारखी सपाट.

इथे आमच्या दुकानाचा एक नियम सांगायला हवा. रफिकभाईच्या उस्तादाचा नियम आहे, मीही पाळतो. तयार सीटवर आम्ही बसत नाही. पहिली बैठक गिऱ्हाईकाची. दाबून बघायची ती हाताने, मग वर प्लास्टिक. चहा प्यायला आम्ही तेलाच्या डब्यावर बसू, पण त्यावर नाही.

सकाळी दुकान उघडलं, प्लास्टिक काढलं... आणि ड्रायव्हरच्या सीटवर खळगा! चांगला खोल, वर्षानुवर्षं बसलेल्या माणसाचा. बाकीच्या सीटा जशाच्या तशा.

माझं डोकंच सटकलं. रफिकभाईकडे दुकानाची वेगळी चावी असते, तो कधीकधी लवकर येतो. “दुपारची झोप आता सकाळीच काढायला लागलास का रे?” मी वाट्टेल ते बोललो. तो एरवी दुप्पट ओरडला असता. त्या दिवशी आवाजही चढवला नाही.

“कसम से, मैं नहीं बैठा. तीस साल में कभी बैठा हूँ क्या? तुम मुझसे ये पूछ रहे हो?”

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी पक्कड उचलली.

सीट परत उघडली. आतला फोम कापला होता तसाच, सपाट, ताठ, कुठे दबलेला नाही. लेदर मोजून बघितलं, कुठे ताणलेलं नाही. मग खळगा आला कुठून? पुन्हा बसवली, दोघांनी हात फिरवला, सपाट. त्या संध्याकाळी रफिकभाईने आपण होऊन त्याची चावी माझ्या हातावर ठेवली. मला नको होती, पण त्याने ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघांनी मिळून शटर उचललं. खळगा परत तिथेच. तसाच. रफिकभाई एवढंच म्हणाला, “अब?”

लेदर वाळताना आकसलं असेल, म्हणालात? मीही तेच म्हणालो. पण आकसलेलं लेदर ताणून बसतं हो, खाली नाही जात.

मी पुन्हा सीट उघडायला घेतली तेवढ्यात सुवर्णा आली. आईने कालपासून पाणीसुद्धा घेतलं नव्हतं, गाडी आजच हवी होती. सीट बघून आधी तिचा चेहरा खुलला, मग उतरला.

“काका, हे तुम्ही मुद्दाम केलंत का? आईसाठी? पण हे बाबांचं बसणं नाही. बाबा उजवीकडे रेलायचे, खिडकीवर कोपर टाकून. हा खळगा तर डावीकडे वळलाय.”

मी नीट बघितलं. खरंच होतं. मांड्यांची जागा तिरकी, डाव्या दाराच्या दिशेने. अशा बसण्याने गाडी चालवताच येणार नाही कुणाला. मला तिला खरं सांगायचा धीर झाला नाही. “दोन दिवस द्या, सरळ करतो,” एवढंच म्हणालो. ती म्हणाली, नको, आता वेळ नाही.

सीटा बसवल्या आणि आम्ही सगळे मेकॅनिकसोबत गाडी घेऊन तिच्या घरी गेलो. मेकॅनिक बिचारा त्या सीटवर फळी टाकून, कडेला टेकून बसला होता, सुवर्णानेच तसं बसवलं. आई, शेवंताकाकू, पोरीच्या खांद्याला धरून ओट्यावर आली. अगदी वाळलेली बाई. कुणाशी न बोलता तिने डावं दार उघडलं, आत बसली, आणि मान वळवून बाजूच्या सीटकडे बघितलं. हिला वाटलं की आपली थट्टा केली, तर?

काकूंनी हात पुढे केला, खळग्यावर ठेवला. कडेकडेने बोटं फिरवली.

“आई, तसं जमलं नाही गं,” सुवर्णा रडवेली झाली. “बाबा उजवीकडे बसायचे ना, हे डावीकडे...”

“ते गाडी चालवताना.” काकूंचा आवाज खोल गेलेला, पण स्पष्ट; गावच्या बोलीतला, ‘गाडी’ला ‘गारी’ म्हणणारा. “उभ्या गारीत मानूस तसा बसतो का? उभ्या गारीत बायकोकरं तोंड करून बसतो.”

रफिकभाईने टोपी सारखी केली.

“दोन वरसं मी बोलतंय,” काकू म्हणाल्या, “मना वाटायचं मी एकलीच बरबरतंय. लोकं बी तेच म्हनायची. ते ऐकत व्हते गो.” आणि मग त्या रडल्या, मोठ्याने, मोकळ्या होऊन. सुवर्णा सांगते, अण्णा गेल्यापासून पहिल्यांदाच.

डोळे पुसून झाल्यावर त्यांनी ती सीट थोपटली. “ये, बस हितं.”

“मी? तिथे?”

“मंग कोन? त्यांनी जागा धरून ठेवली. आता तू आलीस. चालव.”

सुवर्णा बसली. गाडी दोनदा बंद पडली, तिसऱ्यांदा निघाली. गेटपर्यंत जाऊन दोघी परत आल्या आणि ती उतरली, तेव्हा मी वाकून सीट बघितली. सपाट. माझ्या टेबलावर होती तशी, नवीकोरी. मी रफिकभाईकडे बघितलं, त्यानेही बघितलं होतं. मी त्याची चावी खिशातून काढून त्याच्या हातात दिली आणि माफी मागितली. तो म्हणाला, “चल, पागल.”

आता तुमच्यापैकी कुणाला फोममधलं, लेदरमधलं कळत असेल तर जरूर सांगा. मी कंपनीच्या माणसांना विचारलं, जुन्या कारागिरांना विचारलं, कुणालाही नीट सांगता आलं नाही. मी अजूनही भुतांवर विश्वास ठेवत नाही. पण आता बंद लूमच्या खटखटीवर हसतही नाही.

निघताना मला राहवलं नाही. काकूंनी भात मागितला होता, ओट्यावर बसून जेवत होत्या. मी विचारलं, “काकू, रोज एवढं काय बोलायच्या हो त्यांच्याशी?”

“काय न्हाय रं,” त्या घास थांबवून म्हणाल्या. “भाजी काय केली, पोर कधी घरी आली, बोंबील कुनी आनले... रोजचंच. मानसाला दुसरं काय ऐकायचं असतं?”